तारांवरचं पांढरं: घरभरच्या एअर क्लीनरच्या दुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी
टीव्हीखालच्या काळ्या कपाटावर काल फडकं मारलं होतं, आज त्यावर बोटाने रेघ ओढता आली. घरभर हवा फिरवणाऱ्या नळमार्गातला, म्हणजे डक्टमधला, विजेने धूळ पकडणारा इलेक्ट्रॉनिक एअर क्लीनर चालू असताना हे व्हायला नको. त्याच्या दारावरचा हिरवा दिवा लागलेला आहे. टेस्टचं बटण दाबलं तर ठिणगीचा आवाजही नेहमीसारखा आला. म्हणजे पॉवर पॅक, हाय व्होल्टेज देणारा भाग, जिवंत आहे.

खटकली ती एकच गोष्ट. एखादा जाडसर धागा किंवा धुळीचं भुसकट आत गेलं की पूर्वी 'चट्' असा आवाज यायचा. इतका ओळखीचा, की कुणी दचकायचंही नाही. तो शेवटचा कधी ऐकला ते आठवत नाही.

यंत्राची रचना इथे एकदाच लिहून ठेवतो, पुढे सारखी लागेल. घरातली हवा ब्लोअरकडे (हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) परत येते त्या डक्टमध्ये, ब्लोअरच्या अलीकडे ही पेटी बसवलेली आहे. आधी ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर. त्यामागे शेजारी शेजारी दोन सेल, म्हणजे धूळ पकडणाऱ्या चौकटी. प्रत्येक सेलच्या तोंडाशी पाव मिलिमीटरहून बारीक टंगस्टनच्या तारा ताणलेल्या आणि त्यांच्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची दाट रांग. तारांवर काही हजार व्होल्ट डीसी असतो. तार बारीक असल्यामुळे तिच्या अगदी लगत विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की तिथली हवाच आयनित होते (विद्युतभारित कणांत फुटते), आणि जवळून जाणाऱ्या धुळीच्या कणांवर धन प्रभार बसतो. पट्ट्यांमध्ये एक धन, एक अर्थिंगला जोडलेली, अशी आलटूनपालटून रचना. धन पट्टी कणाला ढकलते आणि तो समोरच्या अर्थच्या पट्टीला जाऊन चिकटतो. फिल्टरसारखं गाळणं इथे नाहीच, म्हणून हवेला अडथळाही फारसा होत नाही.

१३ जानेवारी
उघडलं. मेन स्विच बंद, ब्लोअर बंद, मग पाच मिनिटं हात न लावता थांबलो. पॉवर पॅकमधले कपॅसिटर आणि खुद्द पट्ट्या वीज धरून ठेवतात. दार उघडल्यावर जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने पट्ट्या चौकटीला टेकवल्या. काही झालं नाही. पण हे दर वेळी करायचंच. एकदा आळस केला होता तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या.

प्री-फिल्टरवर लोकरीच्या घोंगडीसारखा थर. सेल मात्र बाहेर काढले तर बरेच स्वच्छ. तीन महिने धुतले नव्हते, तरी पट्ट्यांवर नुसती फिकट करडी झाक. बरं वाटलं. म्हटलं, जाळी तुंबली होती, तीच गडबड असणार.

दोन्ही सेलवर हवेच्या दिशेचा बाण आहे, पण पुसट झालाय. मार्करने पुन्हा काढला आणि डावा-उजवा लिहून ठेवलं.

१४ जानेवारी
धुलाई. टबात सेल पूर्ण बुडेल इतकं गरम पाणी, त्यात भांडी घासायचं साधं द्रावण, वीस मिनिटं भिजवलं. मग सेल दोन्ही हातांनी धरून वरखाली बुडवला. ब्रश लावला नाही, तारा तुटतात. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळलं, साबणाचा अंश राहिला तर इन्सुलेटरवरून (वीज अडवणाऱ्या आधारांवरून) वीज झिरपते.

डिशवॉशरमध्ये टाकायचा मोह अनेकांना होतो. काही यंत्रांच्या पुस्तिकेत तशी मुभाही असते. मी टाकत नाही. डिशवॉशरची पावडर बरीच अल्कलीयुक्त असते, ॲल्युमिनियम तिने काळं पडतं. शिवाय आतल्या फवाऱ्याचा मार थेट तारांवर बसतो.

टबातलं पाणी जेमतेम गढूळ झालं.

१५ जानेवारी
रात्रभर सेल तिरपे उभे करून ठेवले होते. सकाळी हाताला कोरडे लागले म्हणून बसवले. चालू करताच तडतड तडतड, जणू आत कुणी लाह्या भाजतंय. पाणी बाहेरून दिसत नाही, पण पट्ट्यांच्या टोकांना आणि इन्सुलेटरच्या खोबणीत थेंब अडकून राहतात. क्लीनरचा स्विच बंद केला, नुसता ब्लोअर तीन तास चालवला, मग पुन्हा चालू. तडतड थांबली. डाव्या बाजूने मात्र दर दहा-बारा सेकंदांनी एक ठिणगी.

१७ जानेवारी
डाव्या बाजूची ठिणगी अजून आहेच. सेलचा दोष की पॉवर पॅकचा, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे सेलची अदलाबदल. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ठिणगीही उजवीकडे गेली. म्हणजे खोट सेलमध्येच. ती डावीकडेच राहिली असती तर स्प्रिंगचे संपर्क आणि पॉवर पॅक तपासावे लागले असते.

सेल उजेडासमोर धरून एका डोळ्याने पट्ट्यांमधून आरपार बघितलं. सगळीकडे सारख्या रेघा, एका ठिकाणी मात्र फट निमुळती. खालच्या कोपऱ्यातली एक पट्टी वाकलेली आहे, बहुधा टबाच्या काठाला आपटली. म्हणजे हा माझाच धुलाईतला पराक्रम. माझ्या सेलमध्ये दोन पट्ट्यांतलं अंतर सहा मिलिमीटरच्या आसपास आहे, तिथे ते निम्म्यावर आलं होतं. अंतर कमी झालं की तेवढ्याच व्होल्टेजला हवा फुटते. लाकडी पट्टीचा तुकडा बेताच्या जाडीचा तासून घेतला आणि फटीत सरकवत पट्टी सरळ केली. पक्कडीने कधी करू नये, धार उमटते आणि तिथूनच नवी ठिणगी उडते.

संध्याकाळी बसवलं. पूर्ण शांत.

१९ जानेवारी
शांत आहे, धूळ तेवढीच. कपाटावर पुन्हा रेघ.

धूळ मोजायचं लेझरवालं छोटं यंत्र मागवलं होतं, ते आलं. हवा परत जाते त्या ग्रिलजवळ पीएम २.५ चा (अगदी बारीक धुळीचा) आकडा ४२, स्वच्छ हवा येते त्या ग्रिलजवळ ३७. यंत्र थेट झोतात धरायचं नाही, वेगामुळे आकडा भरकटतो. हातभर अंतरावर ठेवून पाच मिनिटांनी वाचायचं. तीनदा मोजलं. फरक कधी चार, कधी सहा. एवढा फरक तर नुसत्या जाळीनेही पडेल.

दिवा हिरवा, टेस्टची ठिणगी चोख, सेल धुतलेले, पट्ट्या सरळ, आणि काम शून्याच्या जवळ.

२५ जानेवारी
दादा आला. त्याचा सगळा जन्म हाय व्होल्टेजमध्ये गेला. मी सगळं सांगितलं, तो दिव्याकडे बघत राहिला.

"अरे, दिवा लागलाय म्हणजे वीज येतेय, एवढंच. काम होतंय असं कुठे लिहिलंय त्याच्यावर?"

मग त्याने एक प्रश्न विचारला, जो मला बारा दिवसांपूर्वीच पडायला हवा होता. "काढलेस तेव्हा पट्ट्या एक आड एक काळ्या होत्या का?"

नव्हत्या. सगळ्या सारख्याच फिकट होत्या आणि मी त्यावर खूश झालो होतो. धूळ प्रभारित होत असती तर ती अर्थच्या पट्ट्यांवरच जाऊन बसली असती, आणि सेल काढल्यावर एक काळी, एक उजळ, एक काळी असं पियानोसारखं दिसलं असतं. तीन महिन्यांनी सेल स्वच्छ निघाला याचा सरळ अर्थ एवढाच, की त्याने काही पकडलंच नव्हतं. १३ तारखेची नोंद पुन्हा वाचली. "बरं वाटलं" असं लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.

२६ जानेवारी
व्होल्टेज मोजलं. साध्या मल्टिमीटरचं हे काम नाही, तो हजार व्होल्टच्या आतला गडी. दादाकडे हजारास एक या प्रमाणात व्होल्टेज उतरवणारा लांब दांड्याचा प्रोब आहे. दाराचा इंटरलॉक स्विच (दार उघडलं की वीज तोडणारा) त्याने तात्पुरता जोडून घेतला. एक हात खिशात आणि एकच हात प्रोबवर. दोन्ही हात गुंतले तर वीज एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जाऊ शकते, म्हणून ही सवय. मला त्याने चार पावलं मागे उभं केलं. हे मोजमाप मी एकट्याने करणार नाही. ज्याच्याकडे प्रोब आणि सवय दोन्ही नाही त्याने इंटरलॉकला हातच लावू नये.

पॉवर पॅकवर ७.५ किलोव्होल्ट छापलंय. प्रोबवर ८.२ आलं.

मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की, जास्तच देतोय."

"जास्त देतोय, कारण कुणी घेत नाहीये," दादा म्हणाला.

हे कळायला मला थोडा वेळ लागला. असल्या पॉवर पॅकवर भार पडला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. तारांभोवती हवा आयनित होत असेल तर सतत थोडा प्रवाह वाहतो, मिलिअँपिअरच्या आसपासचा. तो प्रवाहच नसेल तर व्होल्टेज वर चढून बसणार. म्हणजे तारांवर वीज आहे, पण ती हवेत उतरत नाहीये.

भिंग काढलं. सेल खिडकीशी नेला आणि पहिली तार बघितली.

तार मुळात काळसर करडी असते. हिच्यावर पांढरी लव होती, पेन्सिलने कागदावर गिरमिटल्यासारखी. काही ठिकाणी लव नुसतीच नाही, तारेतून आडवे फुटलेले बारीक काटे, हिवाळ्यात गवताच्या काडीवर दंव गोठतं तसे. नखाने हलकेच खरवडलं तर भुकटी पडली, बोटांत चोळली तर खरखरीत लागली. साबणाच्या गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवूनही हे जागचं हललं नव्हतं. सगळ्या तारांवर तेच. नुसत्या डोळ्यांनी बघताना मला त्या फक्त "जरा मळकट" वाटल्या होत्या.

दादा म्हणाला, "ही धूळ नाही. ही वाळू आहे."

१ फेब्रुवारी
वाळू म्हणजे खरोखरच वाळू, सिलिकॉन डायऑक्साइड. हवेत सिलिकॉनची संयुगं वाफेच्या रूपात असतात. तारेभोवतीच्या आयनित हवेत ती तुटतात, ऑक्सिजनशी जुळतात आणि सिलिका होऊन तारेवरच जमतात. वाफ असल्यामुळे जाळी तिला अडवू शकत नाही. सिलिका वीज वाहत नाही. शिवाय थर चढला की तार जाड होते, आणि जाड तारेभोवती क्षेत्र तितकं तीव्र राहत नाही. दोन्हीकडून मार. साबणात ती विरघळत नाही, म्हणून कितीही धुवा, ती राहतेच.

मग ही वाफ येते कुठून? केसांच्या सीरममध्ये, स्प्रेमध्ये, फर्निचर पॉलिशमध्ये, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांवर मारायच्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं. लेकीच्या टेबलावरची सीरमची बाटली उचलून मागचं वाचलं. पहिलंच नाव सायक्लोपेंटासिलोक्सेन, सिलिकॉनचंच संयुग. तिची खोली परतीच्या ग्रिलला लागून. रोज सकाळी सीरम, वर गरम हवेचा ड्रायर. चोर सापडला म्हणून मी विजयी मुद्रेने जाहीर केलं.

"बाबा, मी हे गेली दोन वर्षं लावतेय," ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये डक्टच्या सांध्यांना तुम्ही काय भरत होतात?"

सिलिकॉन सीलंट. सहा नळ्या. परतीच्या डक्टच्या आतून, क्लीनरच्या तोंडापासून दोन हातांवर. भरून झाल्यावर घरात दोन दिवस व्हिनेगरसारखा वास होता आणि तो जावा म्हणून मी ब्लोअर आणि क्लीनर दोन्ही अखंड चालू ठेवले होते.

कुणाचा वाटा किती ते आता सिद्ध करता येणार नाही. सीरमची बाटली जागेवर ठेवली.

३ फेब्रुवारी
तारा पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं, धागे न सुटणारं फडकं. तार दोन बोटांत फडक्यातून हलकी धरायची आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने जायचं. मागेपुढे घासलं की तार आकड्यातून निसटते. अल्कोहोल सिलिका विरघळवत नाही, ते फक्त चिकट थर सोडवतं. खरं काम चिमटीचं. प्रत्येक तारेला चार-पाच फेऱ्या लागल्या. फडक्यावर पांढरी रेघ उमटायची, मग करडी, मग काहीच नाही. बोटाला कळतं: आधी तार करकरते, साफ झाल्यावर गुळगुळीत निसटते.

उजव्या सेलची तिसरी तार टोकाशी गंजलेली होती, पुसताना तुटली. तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे तिथल्या तिथे काढून टाकायचे. लोंबता तुकडा पट्टीला टेकला की अख्खा सेल शॉर्ट. एका तारेवाचून सेल काही दिवस चालतो, तेवढ्या पट्ट्यात धूळ निसटते एवढंच.

काम संपल्यावर सगळे इन्सुलेटर त्याच फडक्याने पुसले. एकावर केसासारखी तपकिरी रेघ होती. पुसली गेली म्हणून सुटलो. ती जळून आत उतरलेली असती तर इन्सुलेटरच बदलावा लागतो. कार्बनची वाट एकदा पडली की वीज तिथूनच जात राहते.

अल्कोहोलची वाफ पूर्ण उडेपर्यंत सेल बसवले नाहीत. ठिणगी आणि अल्कोहोल यांची गाठ घालून द्यायची नाही.

संध्याकाळी चालू केलं. कान लावला तर अगदी बारीक 'सस्स'. आणि तासाभरात कुठूनसा धागा आत गेला असावा: चट्!

४ फेब्रुवारी
परतीच्या ग्रिलजवळ ३९, पुरवठ्याच्या ग्रिलजवळ ९.

ब्लोअर मोठ्या वेगावर टाकला तर पुरवठ्याकडे १५. हे अपेक्षित होतं. कणाला दोन पट्ट्यांमधलं अंतर आडवं ओलांडायचं असतं आणि पट्टीची लांबी संपायच्या आत ओलांडायचं असतं. हवा जोरात असेल तर तो पोचण्याआधीच बाहेर पडतो. तेव्हा ब्लोअर मंद वेगावर दिवसभर चालू ठेवणं बरं. ब्लोअर थांबला की क्लीनर काहीच साफ करत नाही, हे दिवसभराचा धुळीचा आलेख बघितल्यावर नीट उमगलं.

९ फेब्रुवारी
नवी तार आली, दोन्ही टोकांना स्प्रिंग. एक टोक आकड्यात अडकवून दुसरं नाकाडी पक्कडीने हळूच ताणलं. तारेला मुरड पडू द्यायची नाही, मुरडीच्या जागी ठिणग्या उडून ती तिथेच तुटते. पहिली मुरडली. दोन मागवल्या होत्या म्हणून निभावलं.

२३ फेब्रुवारी
नवीन तक्रार. सकाळी ब्लोअर सुरू झाला की पहिल्या मिनिटात तिखट, विजेच्या कडकडाटानंतर येतो तसा वास. मग जातो.

हा ओझोन. असल्या यंत्रात थोडा होतोच. कारखान्यांच्या धुराड्यांसाठी फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०८ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं, पण माणसं राहतात तिथे चालेल असं दोन टप्प्यांचं (आधी प्रभार, मग पकड) रूप १९३० च्या दशकात वेस्टिंगहाऊसमध्ये गेलॉर्ड पेनी यांनी घडवलं. कारखान्यात तारा सहसा ऋण असतात, घरगुती यंत्रात धन. कारण धन तारेभोवती ओझोन कितीतरी कमी होतो. कॅलिफोर्नियाच्या नियमात घरगुती एअर क्लीनरसाठी ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) ही मर्यादा आहे. नाकाला त्याहून बराच कमी ओझोनही जाणवतो, त्यामुळे वास आला म्हणजे मर्यादा ओलांडली असं नाही. पण रोज एकाच वेळी, एकाच मिनिटात का?

ब्लोअर बंद असतानाही क्लीनर चालू राहत असेल तर रात्रभराचा ओझोन डक्टमध्ये साठेल आणि सकाळी एका झुळकीत बाहेर येईल. ब्लोअर बंद करून दिवा बघितला. हिरवाच. विझायला हवा होता.

हवा वाहतेय की नाही हे ओळखणारा स्विच काढला. झोताने हलणारं पातळ पान आणि त्यामागे मायक्रोस्विच. पानाच्या बिजागरीत लोकरीचा बोळा अडकून ते कायम 'हवा आहे' या बाजूला टेकून बसलं होतं. चिमट्याने बोळा काढला, फुंकर मारली. टक्. सोडलं. टक्. बिजागरीला काहीही लावलं नाही. हातात सिलिकॉनचा फवारा होता, तो परत कपाटात ठेवला.

२४ फेब्रुवारी
सकाळी वास नाही.

८ मार्च
नुसती पाहणी. सेल काढले. एक काळी, एक उजळ, एक काळी. इतक्या घाणेरड्या सेलकडे मी याआधी कधी इतक्या प्रेमाने बघितलं नव्हतं. टबातलं पाणी पाच मिनिटांत शाईसारखं.

दादाला फोटो पाठवला. उत्तर: "आता खरं चालतंय. तारा बघितल्यास का?"

बघितल्या नव्हत्या. भिंग घेऊन पुन्हा बसलो. डाव्या सेलवर काही नाही. उजव्यावर, नवी तार सोडून, बाकीच्यांवर अगदी पुसट पांढुरकी झाक. पुसून घेतली.

१९ एप्रिल
परतीला ३६, पुरवठ्याला १०. उजव्या सेलवर झाक पुन्हा, मार्चएवढीच. डावा याही वेळी साफ. दोन्ही सेलला हवा एकाच डक्टची, मग उजवाच का? डक्टमध्ये टॉर्च मारून पाहिलं. उजव्या भिंतीवर, क्लीनरच्या तोंडाशी, माझा सर्वांत जाड सांधा आहे. बोटाने दाबला. चार महिन्यांनंतरही आतून मऊ लागतोय.

रविवारी तो खरवडून काढायचा आणि तिथे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावायची. तोपर्यंत क्लीनर बंद.